पांढरी पाच

लातूर,
रविवार, १३ फेब्रुवारी १९८३

शेषेराव,
शरणार्थ.

निवृत्त झाल्यापासून दर रविवारी तुला गाण्याबजावण्याची वार्ता कळवतो, त्याला दोन वर्षं झाली. या आठवड्यात वार्ता इतक्या आहेत की कागद पुरणार नाही. पाणी तर पुरत नाहीच. आठव्या दिवशी नळ येतो आणि तो नेमका माझ्या रियाजाच्या वेळेला येतो, त्यामुळं तंबोऱ्यापेक्षा घागरी जास्त वाजतात.

सोमवारी नव्या जिल्ह्याचं स्वागतगीत ठरवायला बैठक भरली. जिल्हा होऊन सहा महिने झाले, अजून कचेऱ्यांना खुर्च्या नाहीत, पण गीत पाहिजे. लिहिलं आहे पाटबंधाऱ्यातल्या एका साहेबानं, कारण यंदा त्याला दुसरं कामच नाही. चाल सिनेमाची. मी विचारलं, अहो, चाल तरी आपली असावी की नको? तर अध्यक्ष म्हणतात, "गुर्जी, लोकाच्या तोंडात बसलेली चाल हाय. शिकवायची गरजच न्हाई." शाळांतून गाणं शिकवा म्हणून तीस वर्षं मी मागत आलो, त्याचं उत्तर या मनुष्यानं एका वाक्यात देऊन टाकलं.

बुधवारी शाळांच्या स्पर्धांचं बक्षीस वाटप. समूहगानात पहिल्या आलेल्या शाळेला मिळाला व्हॉलीबॉल आणि जाळी. व्हॉलीबॉल जिंकणाऱ्यांना मिळाले टाळ. पुडकी बदलली होती. पण देणाऱ्याला कळलं नाही, घेणाऱ्याला कळलं नाही, फोटो निघाले आणि मंडळी चहाला गेली.

शुक्रवारचा परिसंवाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विषय होता 'टंचाई आणि शिक्षण'. एक साहेब उठून म्हणाले की प्यायला पाणी नाही तिथं सारेगम कशाला. संगीत शिक्षकांची पदं तपासून अनावश्यक असतील ती मोडीत काढणार. बाहेरच्या जिल्ह्यातून तज्ज्ञ आणून शाळाशाळांतून तपासणी होणार आहे. मी उभा राहून विचारलं, "साहेब, टंचाईत भाषणं कमी केली तर घशाला पाणी कमी लागंल का न्हाई?" दोघांनी मला दंडाला धरून बसवलं.

माझा जीव चांगुणेसाठी तुटतो. तुला तिच्याबद्दल लिहिलं आहे, अहमदपूरकडच्या सावरखेडीच्या कन्याशाळेत शिकवते ती. कांबळ्यांची मुलगी, माझ्या हाताखाली आठ वर्षं शिकली आणि पेटीवर बसली. सात वर्षं तिचं पद 'तात्पुरतं' आहे. तिच्या पेटीची पांढरी पाच ही पट्टी सहा वर्षांपासून मुकी आहे, आतली सुराची पत्ती तुटली. नांदेडचा मारोती पेटीवाला तासाभरात बसवून देईल. पण पेटी पडली सरकारी, डेडस्टॉकच्या वहीत नोंदलेली. लेखी परवानगीशिवाय मळसूत्र फिरवलं तर नोकरीवर गदा. चांगुणेनं अकरा अर्ज केले. जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा पेटी आली इकडं आणि अर्ज राहिले तिकडं, जुन्या जिल्ह्यात. आता हे म्हणतात अर्ज दाखवा, ते म्हणतात पेटी दाखवा.

तरी पोरगी शिस्तीची. काळी चार सोडून दुसरीकडून सा लावत नाही. आपल्या गुरुजींचा कायदा मी तिच्यात उतरवला आहे, एवढं एक समाधान आहे.

आमची बसम्मा घागरी मोजायला हाका मारून राहिली. थांबतो.

तुझा
माणिकप्पा

*

नांदेड,
२१ फेब्रुवारी १९८३

आप्पांस सविनय जयभीम.

पत्र वाचून हसलो आणि मग हसल्याची लाज वाटली. व्हॉलीबॉलची गोष्ट आमच्या अध्यापक विद्यालयात सांगितली, तर एक प्राध्यापक म्हणाले, "त्यात काय झालं? दोन्ही हातानंच वाजवायचं की." तेव्हा लातूरनं फार वाईट वाटून घेऊ नये.

इकडची वार्ता एवढीच की अर्धापूरला केळीच्या एका बागाईतदारानं मुलाच्या लग्नात तीन बँड आणले आणि तिन्ही एकाच वेळी वाजवले. पाहुण्यांना विचारलं कसं वाटलं, तर सगळे म्हणाले, "मोठं वाटलं."

पुढचे पंधरा दिवस मी सरकारी फिरतीवर आहे. हिमायतनगर आणि आणखी काही गावं. पत्राला उशीर झाला तर रागावू नका.

चांगुणाबाईंबद्दल एक सुचवू का? त्यांना सा पांढऱ्या सहावरून लावून पाहायला सांगा. अर्धाच सूर वर जायचं आहे.

आपला
शेषेराव

*

लातूर,
रविवार, २० मार्च १९८३

शेषेराव,
शरणार्थ.

तू फिरतीवर, म्हणून मधले रविवार लिहिलं नाही. आधी तुझ्या सूचनेचा निकाल लावतो. सा बदला म्हणतोस? बसवराज गुरुजी काय म्हणत ते विसरलास? 'सा बदलणारा आणि बिऱ्हाड बदलणारा, दोघांचा पत्ता लागत नाही.' त्यांच्या घरी मी अकरा वर्षं काळ्या चारवर सा लावला, पुढं शाळेत तीस वर्षं तोच. एका मोडक्या पट्टीसाठी मी घराण्याचा कायदा मोडू? तू असं लिहिशील असं वाटलं नव्हतं.

आता या आठवड्याची वार्ता ऐक, आणि उभा असशील तर बस.

सावरखेडीची तपासणी झाली. कचेरीतला व्यंकटी कारकून माझा विद्यार्थी, त्यानं मला अहवाल वाचून दाखवला. तज्ज्ञाचं नाव गुप्त आहे, आणि ते गुप्त ठेवण्यासारखंच आहे. मी शब्द उतरवून आणले: 'सदर शाळेतील विद्यार्थिनी आरोहात निषाद वर्ज्य करून त्या जागी एकत्रित श्वासाचा विराम देतात. ही या परिसराची वैशिष्ट्यपूर्ण गायनरीती असून अन्यत्र आढळत नाही. तिचे जतन व्हावे. शिक्षिकेचे पद कायम करण्याची शिफारस.'

कळलं का तुला? सा काळ्या चारवर, तेव्हा त्याच्या लगत खालची पांढरी पाच म्हणजे त्या पोरींचा नी, अहवालातला निषाद. पेटी नी म्हणत नाही, म्हणून पोरीही म्हणत नाहीत. पहिल्या वर्षी चांगुणा स्वतःच्या गळ्यानं नी दाखवायची, पण साठ पोरींच्या गलक्यात तिचा गळा कुठं पुरणार? त्यांचे कान पेटीकडं. पेटी गप्प झाली की त्याही गप्प, आणि मग सा आला की पुन्हा सुरू. थोरल्या पोरींकडून धाकट्या शिकल्या. सहा वर्षांत रीत पडून गेली. आणि हा दीडशहाणा येतो, कान टवकारतो आणि मोडक्या पेटीला परंपरा म्हणतो! उद्या एखाद्या लंगड्या घोड्याची चाल पाहून ती लातुरी चाल म्हणेल आणि सगळे घोडे लंगडे करायला सांगेल.

कचेरीत आनंदीआनंद आहे. नव्या जिल्ह्याला स्वतःचं काहीतरी पाहिजेच होतं. साहेबांनी त्याला 'लातुरी ढंग' असं नावही देऊन टाकलं.

मी वर्तमानपत्राला पत्र लिहून तयार ठेवलं आहे, चार पानं. अकरा अर्ज, मुकी पट्टी, वाटणी, तज्ज्ञाचे कान, सगळं आलं आहे त्यात. ते गाढव कोण हे मी शोधून काढणार आणि नाव घालून छापणार. चार एप्रिलला समितीची बैठक आहे, त्याच्या आदल्या दिवशी छापून आलं पाहिजे. चांगुणा परवा येऊन रडली. म्हणाली, "राहू द्या गुर्जी, कसं का हुईना पद ऱ्हायलंय." मी म्हटलं, "खोट्यावर उभं ऱ्हायलेलं पद काय कामाचं?" ती उठून गेली.

तू पत्र वाचून शुद्धलेखन पाहून दे. सोबत नक्कल पाठवतो.

तुझा
माणिकप्पा

*

नांदेड,
२४ मार्च १९८३

आप्पांस सविनय जयभीम.

ते गाढव मी आहे.

नाव गुप्त ठेवायची लेखी अट होती, पण तुमच्यापासून लपवलं ते त्या अटीमुळं नाही. तुमचा माणूस म्हणून अहवालाकडं बोट दाखवलं जाईल, ही भीती होती. फिरतीतलं शेवटचं गाव सावरखेडी होतं. मागच्या पत्रात ते मी गाळलं.

मी त्या वर्गात बसलो. पोरी सा रे ग म प ध असं वर चढत आल्या, आणि मग साठ जणींनी एकदम श्वास घेतला आणि सा वर जाऊन उभ्या राहिल्या. आप्पा, मला पहिल्या खेपेलाच कळलं की पांढरी पाच मेली आहे. तुम्ही लिहिलं नसतं तरी कळलं असतं. चांगुणाबाई माझ्याकडं पाहत होत्या, आता हा काय लिहितो म्हणून. त्यांना मी कोण ते ठाऊक नव्हतं.

तपासणीच्या कागदावर तीन रकाने होते. 'अनावश्यक' यात लिहिलं की पद गेलं. 'दुरुस्तीयोग्य' यात लिहिलं की फाईल जुन्या जिल्ह्याकडं जाते, आणि ती परत येईपर्यंत पद गोठवायचं. तिसरा रकाना 'वैशिष्ट्यपूर्ण'. खरं लिहिलं असतं तर चांगुणाबाई जूनमध्ये घरी बसल्या असत्या आणि साठ पोरींचे उरलेले सहा सूरही गेले असते. म्हणून मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं. सरकार तक्रारीला जागत नाही, फुशारकीला जागतं, हे तुम्हीच मला कितीदा लिहिलं आहे. तुमचं पत्र छापून आलं तर माझं फार तर हसं होईल. जाईल ते चांगुणाबाईंचं पद.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही, याचा दोन दिवस विचार केला. राग आला तरी वाचा.

उदगीरला गुरुजींकडं आपण एकाच वेळी शिकलो, असं तुम्ही सगळ्यांना प्रेमानं सांगता. मी दहा वर्षांचा होतो. गुरुजी भले, त्यांनी मला हाकललं नाही. पण तुम्ही ओसरीवर बसत होता आणि मी खाली जोत्याशी. आत बसवण्णांची वचनं चालायची, सगळी माणसं एक आहेत म्हणून, आणि ती मी बाहेरून ऐकायचो. पेटीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. म्हणून मला सा कुठूनही धरायला शिकावं लागलं. जात्यावर बसलेल्या बाईच्या आवाजावरून, रहाटाच्या कुरकुरीवरून, जो हाती लागेल तो सा. तुमच्या हाताखाली पेटी होती. गुरुजींनी तुम्हाला काळ्या चारला बांधलं आणि तुम्ही चांगुणाबाईंना बांधलं. तुम्ही त्यांना पेटीवर बसवलं, हे मी कधी विसरणार नाही; माझ्या वाट्याला ते आलं नाही. पण सा जर पांढऱ्या सहावर नेला असता, तर त्या सप्तकात पांढरी पाच लागतच नव्हती. एकाही अर्जाची गरज नव्हती. सहा वर्षं त्या पोरींना नी मिळाला नाही तो सरकारमुळं नाही, आप्पा. आपल्या घराण्याच्या कायद्यामुळं मिळाला नाही.

तुमच्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

आपला
शेषेराव

*

लातूर,
रविवार, ३ एप्रिल १९८३

शेषेराव,

पत्र पोचलं. वर्तमानपत्राला काही पाठवलेलं नाही. उद्या तुझ्या समितीचं सुखेनैव होऊ दे.

रविवारची वार्ता यापुढं बंद.

माणिकप्पा हालकुडे

*

नांदेड,
१२ जुलै १९८३

आप्पांस सविनय जयभीम.

चौदा रविवार गेले. इकडं पाऊस पडल्यासारखं करतो आणि जातो, गोदावरीत अजून म्हशी उभ्या आहेत. तुमच्याकडचा नळ कसा आहे?

चांगुणाबाईंचं पद कायम झाल्याचं कळलं. शाळेला नवी पेटीही मंजूर झाली. ती मारोतीकडूनच गेली, तेव्हा पाठवण्याआधी मी दुकानात जाऊन एकेक पट्टी तपासली. पांढरी पाच स्वच्छ बोलते.

तुम्ही लिहू नका, पण मी अधूनमधून लिहीत जाईन.

आपला
शेषेराव

*

लातूर,
रविवार, ४ सप्टेंबर १९८३

शेषेराव,
शरणार्थ.

पाच महिने तुझ्यावर रागावलो होतो. पहिला महिना तू मला फसवलंस म्हणून. पुढचे चार तू खरं लिहिलंस म्हणून. जोत्याशी बसलेला तू मला आठवतोस. रोज आठवत होतास. पण आपण एकत्र शिकलो असं म्हटलं की ते जोतं गोष्टीतून निघून जातं आणि सांगणाऱ्याला बरं वाटतं. एवढंच लिहितो. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आता वार्ता.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि लगेच जिल्ह्याच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम. मुख्य आकर्षण 'लातुरी ढंग'. सावरखेडीच्या पोरींना दोन ट्रकांत घालून आणलं. चांगुणेच्या कायमपदाच्या आदेशातच अट आहे, मी स्वतः वाचली: 'निषादविरहित पारंपरिक शैलीचे जतन करणे शिक्षिकेवर बंधनकारक राहील.' सरकारनं इतक्या वर्षांत संगीताबद्दल काढलेला हा पहिला आदेश, आणि त्यात एक सूर कमी करायला सांगितलेला आहे. मला 'ज्येष्ठ संगीततज्ज्ञ' म्हणून व्यासपीठावर बसवलं होतं. वर्तमानपत्राचं ते चार पानी पत्र माझ्या खिशात होतं. कशाला घेऊन गेलो होतो, कोण जाणे.

चांगुणेपुढं नवी पेटी; कार्यक्रमासाठी राखून कचेरीनं ती त्याच दिवशी तिच्या हाती दिली होती. गाणं सुरू झालं. तिची बोटं सहा वर्षं त्या मुक्या पट्टीवरून जातच होती, फक्त तिथून काही निघत नव्हतं. त्या दिवशीही बोट गेलं. पोरी ध पर्यंत आल्या, साठ जणींनी श्वास घेतला, आणि त्या शांततेत नवी पेटी एकटी नी म्हणाली. केवढ्यानं म्हणाली! पोरी दचकल्या, दोघी हसल्या, चांगुणेचं तोंड पांढरंफटक. दुसऱ्या ओळीला तिनं बोट उचलून धरलं, पण पहिली ओळ सगळ्यांच्या कानावर पडली होती.

गाणं संपल्यावर साहेबांनी माईक घेतला. म्हणाले, "गुरुजी, मध्येच काहीतरी वेगळं वाजलं. मुली चुकल्या, बाई चुकल्या की पेटी?" पाचसहाशे माणसं माझ्याकडं बघू लागली. चांगुणाही. तुझ्याकडं ती जशी पाहत होती म्हणतोस, अगदी तशीच पाहत असणार.

शेषेराव, जन्मभर मी असल्या सभांतून उठून बोललो आहे. दंडाला धरून बसवलं तरी बोललो आहे. उत्तर माझ्या खिशात चार पानं लिहून तयार होतं, आणि ते वाचलं असतं तर त्या व्यासपीठावर एकालाही तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी माईक घेतला आणि म्हणालो, "पेटी चुकली."

टाळ्या पडल्या. साहेबांनी तिथल्या तिथं फर्मान सोडलं की पेटी परत पाठवून ती पट्टी 'दुरुस्त' करून आणावी. व्यंकटीनं पत्र केलं आहे. मारोतीकडं पेटी येईल तेव्हा त्याला म्हणावं, दोन महिने ठेवून घे आणि तशीच परत पाठव. त्यांना कळायचं नाही.

मी घरी येऊन ती चार पानं चुलीत घातली. मग चांगुणेला निरोप धाडला, जमतील तेवढ्या पोरी रविवारी सकाळी माझ्याकडं घेऊन ये. सकाळची यष्टी पकडून ती अकरा जणींना घेऊन आली. ओसरीवर बसवल्या. पेटी मी काढलीच नाही. एकीला म्हटलं, तुला पाहिजे तिथून सा धर. तिला वाटलं मी परीक्षा घेतो आहे. धरला एकदाचा. कुठल्या पट्टीचा होता ते मला सांगता आलं नाही, आणि या वयात मला त्याची फार लाज वाटली. तिथून आम्ही नी शोधत गेलो. पहिल्या रविवारी नुसती ओरड झाली, शेजारी बघायला आले. दुसऱ्या रविवारी थोडा लागला. आज तिसरा रविवार. आज अकराच्या अकरा जणींनी तो धरला, आणि बसम्मा घागर तशीच नळाखाली वाहती ठेवून दारात येऊन उभी राहिली. या वर्षात आमच्या घरी पाणी सांडलं ते तेवढंच.

जाताना एक पोरगी, शेवटच्या ओळीतली, चपला घालता घालता मला म्हणाली, "गुर्जी, ह्यो सूर इतके दिवस कुठं व्हता?"

मी सांगणार होतो की जुन्या जिल्ह्यात राहिला होता. जिभेवर आलं होतं. पण तिच्या तोंडाकडं पाहून म्हटलं, "माझ्यापाशीच व्हता माय. म्या दिला न्हाई."

पुढच्या रविवारी तू ये. ओसरीवर बसून तू शिकव, मी खाली जोत्याशी बसून ऐकतो. मलाही सा कुठूनही धरायला शिकायचं आहे. फक्त बाहेर कुणापाशी बोलू नकोस. या जिल्ह्यात सध्या निषादाला परवानगी नाही, आणि चांगुणेची नोकरी कायम आहे.

तुझा
माणिकप्पा